सरकलेली दरी

अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून सुप्रभाला पहिल्यांदा शिसारी आली, तेव्हा ती नाचणीची आंबील घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी सावकाश मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. डोळे उघडे, ओठ किंचित विलग, पण गालावरची एकही रेष हलली नाही. तिच्या मानेवर काटा आला आणि पाय आपोआप मागे गेला. थोडी आंबील मनगटावर सांडली.

"कधी आलीस?" अण्णांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की खिडकीबाहेरच्या चिमण्यांमध्ये तो हरवून जात होता.

"आत्ताच. सकाळच्या गाडीनं," ती म्हणाली. उत्तर देताना ती खिडकीच्या गजांकडे बघत होती.

अण्णांचा चेहरा तिला नवा नव्हता. कंपवाताचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती. हाताची थरथर औषधांनी आटोक्यात राहिली, पण चेहऱ्याचे स्नायू हळूहळू थिजत गेले. आई गेली त्या दिवशी अण्णा याच चेहऱ्यानं भिंतीला टेकून बसले होते आणि सुप्रभा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली होती. तेव्हा तिला असलं काही झालं नव्हतं. त्यानंतर दर महिन्याला ती पुण्याहून मिरजेला येत होती. चेहरा होता तसाच होता. बदललं होतं ते तिच्यात काहीतरी.

अण्णा, म्हणजे भरतेश मगदूम, एकेकाळी त्या भागातल्या कुस्ती मैदानांचा आवाज होते. आठवडाभर सहकारी बँकेत नोकरी आणि सुटीच्या दिवशी हातात माइक. मैदानातले म्हातारे म्हणत, कुस्ती बघायची तर मगदूमअण्णांच्या तोंडाकडे बघावी. मल्लाची पाठ मातीला लागायच्या आधी अण्णांच्या भुवया वर जायच्या. पुकारा करताना त्यांचे गाल, डोळे, हनुवटी, सगळं एकदम बोलायचं. त्या माणसाची मुलगी आता त्यांच्याच नजरेला नजर देऊ शकत नव्हती.

आणि तिला जे झालं त्याला काय म्हणतात, हे तिच्याइतकं नेमकं फार थोड्या लोकांना माहीत होतं. तोच तिचा विषय होता.

यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं, तसतशी आपल्याला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागते. दोन डोळे चिकटवलेला डबाही लहान मुलांना आवडतो. हात, पाय, मान असलेला बाहुला त्याहून जास्त आवडतो. पण अगदी माणसासारखं आणि तरीही पुरतं माणूस नव्हे, अशा जागी यंत्र आलं की आपुलकीचा चढता आलेख एकदम कोसळतो. त्या खड्ड्याला संशोधक दरी म्हणत आले होते. ती का पडते, यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. काहींच्या मते ही फार जुनी राखण होती. रोग आणि प्रेत यांच्यापासून माणसानं चार हात लांब राहावं म्हणून अंगात मुरलेली. सुप्रभाचा भर दुसऱ्या कारणावर होता. मेंदू नुसता बघत नाही. पुढच्या क्षणी काय दिसणार याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो. समोर माणसाचा चेहरा दिसला की तो माणसाच्या हालचालींची तयारी करतो आणि तशी हालचाल आली नाही की दचकतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तेव्हा पोटात जे होतं, तेच.

दरी ओलांडायची तर यंत्र आणखी हुबेहूब केलं पाहिजे, असं सगळे धरून चालले होते. सुप्रभानं प्रश्न उलटा केला. बघणाऱ्याचं पाऊल कधी चुकतंय, हेच यंत्राला कळलं तर? दचकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बदलतात, नाकाभोवतीची त्वचा किंचित गार पडते, मानेचे स्नायू ताठरतात. त्याला स्वतःला जाणीव होण्याआधीच हे घडतं. तिनं बनवलेला समायोजक यंत्राच्या डोळ्यांतल्या कॅमेऱ्यांतून या खुणा टिपायचा आणि पापणी लवायच्या आत यंत्राचा चेहरा बदलायचा. ओठाचा कोपरा थोडा खाली, नजर थोडी मऊ, मान थोडी कलती. खुणा विरेपर्यंत हे चालू राहायचं. पाऊल चुकायच्या आत पायरी खाली सरकवली जायची.

सुप्रभा जिथं काम करायची त्या सहवास या पुण्याच्या कंपनीनं समायोजक बसवून 'सोबती' बाजारात आणला. आजाऱ्याची कूस बदलणं, औषध देणं, मुलाला गोष्ट सांगणं, ही कामं करणारी यंत्रं आधीही होती. पण ज्याच्या शेजारी बसावंसं वाटेल असं यंत्र हेच पहिलं. इस्पितळं, वृद्धाश्रम, दोघंही नोकरी करणारी घरं, सगळीकडे सोबती पोचला. सुप्रभाच्या टेबलासमोर तर दिवसभर एक सोबती बसलेला असायचा. तिच्या प्रत्येक वाक्याला त्याचा चेहरा इतकं नेमकं उत्तर द्यायचा, की माणसांशी बोलताना तिला मध्ये मध्ये गाळलेल्या जागा जाणवू लागल्या होत्या. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, बहिणीशी व्हिडिओवर बोलताना. थकवा असेल, असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं.

*

अण्णांची देखभाल करायला येणारे एकामागून एक सोडून जात होते. कुणाला दुसरीकडे जास्त पगार मिळायचा, कुणाला त्यांना उचलणं झेपायचं नाही. पुढच्या खेपेला सुप्रभा सोबती घेऊनच आली. तिशीच्या पुरुषाचा चेहरा, अंगात साधा सदरा. अण्णांच्या समोर स्टुलावर तो बसला.

"नमस्कार अण्णा. मी तुमच्याजवळ राहणार आहे," सोबती म्हणाला आणि हसला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले.

सोबतीचं हसू थोडं कमी झालं. मग थोडं वाढलं. त्यानं भुवया उंचावल्या, खाली आणल्या. डोळे बारीक केले, मोठे केले. मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला. काळजी, कौतुक, कुतूहल, खेद, पुन्हा हसू. आधी हे सावकाश चाललं होतं, मग भराभर होऊ लागलं. पुढे पुढे तर एक भाव पुरता उमटायच्या आत दुसरा त्याच्यावर चढू लागला.

काय होतंय ते सुप्रभाच्या लक्षात आलं. समायोजकाला खुणा हव्या होत्या. अण्णांच्या चेहऱ्यातून त्याला काहीच मिळत नव्हतं, होकारही नाही आणि नकारही नाही. म्हणून तो आपल्याजवळचे सगळे चेहरे एकेक करून अण्णांपुढे धरत होता. कुलुपाला चाव्या लावून बघाव्यात तसे.

"अण्णा, त्रास होतोय का? बंद करू याला?"

"त्रास त्याला होतोय," अण्णा म्हणाले. वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये श्वास घ्यावा लागला. "मला काय व्हायचंय? ते भितंय मला, सुप्रभा."

"यंत्र कसं भिईल, अण्णा?"

"तू भितीस की. तसंच."

ती खाली वाकून सोबतीच्या पाठीवरचं बटण शोधू लागली. ते सापडायला जितका वेळ लागायला हवा होता, त्यापेक्षा बराच जास्त वेळ तिनं लावला. "काहीतरीच काय," असं ती पुटपुटली, पण अण्णांना ते ऐकू गेलं की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळण्याची सोय नव्हती.

अण्णांच्या खोलीत असताना सोबतीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि काम असेल तेव्हाच वळायचं, असं तिनं ठरवून दिलं. कामं तो चोख करायचा. अण्णा त्याला पाव्हणा म्हणू लागले.

*

पुण्याला परतल्यावर तिनं पहिली चाचणी स्वतःवर घेतली. यंत्रांमुळे माणसं किती दचकतात हे मोजणारी जी साधनं तिनंच उभी केली होती, त्यांच्यासमोर ती बसली आणि पडद्यावर खरीखुरी माणसं आणली. धडधाकट, बोलक्या चेहऱ्यांना दचकणं नोंदवणारी रेषा सपाट राहिली. पक्षाघातानं अर्धा चेहरा लोंबणारे एक गृहस्थ आले आणि रेषा उसळली. भाजल्याच्या व्रणांनी गाल ताणलेली मुलगी आली, तेव्हाही तेच. मग तापातून उठलेली, डोळ्यांखाली काळं आलेली एक साधी बाई आली. रेषा पुन्हा उसळली. सोबतीच्या सुरुवातीच्या फसलेल्या चेहऱ्यांना जेवढी उसळायची, जवळपास तेवढीच.

मग तिनं ऑफिसातल्या लोकांना बसवलं, ज्यांच्या घरी सोबती आहे त्यांना बसवलं आणि ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही त्यांनाही बसवलं. जी माणसं दिवसाचा बराच वेळ सोबतीसमोर घालवत होती, त्यांच्यात तेच दिसलं. इतरांमध्ये नाही.

मेंदू अंदाज बांधतो तो रोजच्या अनुभवावर. दिवसभर चुकून म्हणून न चुकणारा चेहरा समोर असेल, तर 'माणूस' या शब्दाचं त्याचं माप तेवढं होतं. समायोजकानं दरी बुजवली नव्हती. ती बाजूला सरकवली होती आणि तिच्या काठावर उभी असलेली माणसं आत पडली होती.

ज्या घरांतून तिनं माणसं बोलावली होती त्यांत हडपसरची कस्तुरी लोणारी होती. बाळंतपणानंतर तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती आणि ती पुरती सुधारली नव्हती. चाचणीला ती एकटी आली नव्हती. चार वर्षांची मुलगी आणि मुलीला सांभाळणारा सोबती, दोघांनाही तिनं सोबत आणलं होतं. मुलगी सोबतीच्या मांडीवर बसली होती.

"मॅडम, चाचणी राहू दे, मला एक विचारायचंय," कस्तुरी म्हणाली. "ही माझ्याकडे येत नाही. मी जवळ घेतलं की अंग चोरते. परवा हिच्या बाबांना म्हणाली, ही आई खोटी आहे, खरी आण."

सुप्रभानं कस्तुरीकडे बघण्याचा प्रयत्न केला. एक डोळा ओलावला होता, दुसरा कोरडा आणि ताणलेला. तिची नजर तिच्या नकळत सोबतीच्या चेहऱ्याकडे सरकली. तिथं लगेच समजूतदार, हळवा भाव उमटला.

"तुम्ही पण तिकडेच बघताय," कस्तुरी म्हणाली.

त्याच आठवड्यात सुप्रभा मृणाल खोतच्या केबिनमध्ये गेली. कंपनी मृणालनं उभी केली होती आणि सुप्रभाला शोधून आणणारीही तीच. तिनं सगळे आलेख नीट पाहिले. खोटं आहे, असं ती म्हणाली नाही.

"माझ्या सासऱ्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, माहितीय ना तुला?" ती म्हणाली. "कूस बदलायला कुणी नव्हतं म्हणून. आज अशा किती अंथरुणांशेजारी सोबती आहे. तो काढून घेऊ?"

"सोबती राहू दे. त्याचा चेहरा काढू या."

"चेहरा काढला तर त्याला घरात घेणार कोण? आणि सुप्रभा, लुळ्या, थिजलेल्या चेहऱ्यांची लोकांना शिसारी आधीही यायचीच. हे आपण जन्माला घातलेलं नाही."

"यायची. पण सोबत राहून राहून जायची. आता लोक राहतात यंत्रासोबत. जाणार कशी?"

मृणालनं खणातून एक चष्मा काढला. दिसायला अगदी साधा. "यावर आम्ही उपाय काढलाय. तुझ्याच समायोजकावर बांधलाय. यंत्राचा चेहरा बदलण्याऐवजी माणसाचा बदलायचा, फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांपुरता. अण्णांच्या जुन्या चित्रफिती असतील ना? मला दे. आणि एकदा लावून बघ. मग काय ते बोल."

सुप्रभानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण महिनाअखेरीला मिरजेला जायचं होतं आणि तिला जावंसं वाटत नव्हतं. ते न वाटणं तिला सहन होत नव्हतं. मैदानांच्या फिती तिनं त्याच संध्याकाळी पाठवल्या.

*

चष्मा लावून ती खोलीत शिरली आणि अण्णांनी मान वळवली. त्यांच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, गाल उचलले गेले आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून ते जुनं हसू फुटलं, पुकारा करायच्या आधी फुटायचं ते.

सुप्रभा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. कित्येक महिन्यांत ती इतक्या जवळ बसली नव्हती.

"आज बरी बघायलीस," अण्णा म्हणाले. "नवा चष्मा?"

"हो. नंबर बदलला."

सोबतीनं मऊ भात आणि आमटी आणून दिली. ती घास भरवू लागली आणि बोलू लागली. खूप दिवसांचं साचलेलं सगळं ती बोलत राहिली. बहिणीच्या नव्या घराबद्दल, ऑफिसाबद्दल, आई असताना सगळे मिळून कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जायचे त्याबद्दल. डोंगराच्या पायऱ्या चढताना अण्णा तिला खांद्यावर घ्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना मल्ल म्हणून तिची ओळख करून द्यायचे. अण्णा हसत ऐकत होते. मान डोलवत होते. ते मध्येच काही बोलत नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण चेहरा भरभरून बोलत होता.

तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला सोबती वळला. दोन ढांगांत तो आला, सुप्रभाला खांद्यानं बाजूला केलं, अण्णांना खुर्चीतच पुढे वाकवलं आणि तळहातानं त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जोरात थापा मारू लागला. धक्क्यानं तिचा चष्मा खाली पडला.

तिला अण्णा दिसले. ओठ निळसर. चेहरा नेहमीसारखाच थिजलेला, ना भीती, ना कळ. पण दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि डावा हात खुर्चीच्या कडेला घट्ट वळला होता. कितीतरी वेळ वळलेला असणार. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पुढच्या थापेला घास बाहेर आला. अण्णांच्या छातीतून घरघर करत हवा आत गेली.

डॉक्टर येऊन तपासून गेले. कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावते, घास अगदी लहान द्या आणि भरवताना लक्ष ठेवा, म्हणाले. लक्ष ठेवा हे शब्द त्यांनी सहज वापरले होते. सुप्रभा त्यांना दारापर्यंत सोडून आली. मग ती अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि चष्म्याची सगळी हकीकत तिनं सांगितली.

"म्हणजे मला ठसका लागला, तवा मी हसत होतो?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"कुठल्या मैदानातलं हसू घातलंवतं?"

"कवलापूरच्या."

 अण्णांना शब्द गोळा करायला वेळ लागायचा. तिनं घाई केली नाही.

"कवलापूरला मी हसलो, खरं आहे," ते म्हणाले. "पण ते तिथलं होतं, पोरी. आज मी तुला हाक मारत होतो. हातानं."

तिनं त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मान मात्र तिला वर करता आली नाही. वर बघितलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, आणि या क्षणी ते अण्णांना दिसू नये असं तिला फार वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं सोबतीचा चेहरा काढला. कानामागच्या चार खिट्या सोडवल्या की तो मुखवट्यासारखा निघायचा. खाली राखाडी पत्रा होता, बोलण्यासाठी जाळी होती आणि कॅमेऱ्यांची दोन भिंगं. तिनं समायोजक बंद केला आणि सोबतीला अण्णांसमोर बसवलं. तो आता काही शोधत नव्हता. अण्णांच्या छातीची लय, हाताची पकड, घशाची हालचाल यांवर त्याचं लक्ष होतं. ते पूर्वीही होतंच; भिंतीकडे तोंड असतानाही तो त्यांचा श्वास ऐकत असायचा. काल अण्णा वाचले ते त्याच्यामुळे. चेहऱ्याचा त्यात काही वाटा नव्हता.

"आता कसं वाटतं?" तिनं विचारलं.

"निवांत," अण्णा म्हणाले. "पाव्हणा पण निवांत झाला."

मृणालला तिनं सगळं सांगितलं. मृणालनं अण्णांच्या तब्येतीची मनापासून चौकशी केली आणि श्वास कोंडल्यावर चष्म्यानं सूचना द्यावी अशी सोय करू, असं आश्वासन दिलं. चष्मा त्यानंतर बाजारात येणारच होता. सुप्रभानं नोकरी सोडली. आरोग्य खात्यानं अशा यंत्रांसाठी एक समिती नेमली होती, तिच्यापुढे तिनं आपल्या चाचण्या मांडल्या. आपण हे बनवलं आणि आपल्यालाच आपल्या वडिलांकडे बघवत नाही, हेही तिनं तिथं सांगितलं. समितीतल्या एका सदस्यानं, ही वैयक्तिक बाब नोंदवायची का, असं विचारलं. नोंदवा, ती म्हणाली.

पुढे बऱ्याच काळानं सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत बिनचेहऱ्याचे सोबती आले. घरांसाठी कुठलाही नियम झाला नाही. ज्याला हवा त्यानं चेहरा ठेवावा, ज्याला नको त्यानं काढावा, असं ठरलं. बहुतेकांनी ठेवला. कस्तुरी लोणारीनं काढला. तिचा एकदा फोन आला. "काल माझ्या कुशीत झोपली," ती म्हणाली. "डोळे मिटूनच आली जवळ. उघडे ठेवून अजून येत नाही. पण आली."

सुप्रभा मिरजेला राहायला आली. शिसारी कशामुळे येते हे समजलं म्हणून ती येणं थांबत नाही, हे तिला रोज कळत होतं. ती खोलीत शिरायची, अण्णा मान वळवायचे आणि काटा यायचाच. मेंदूनं नवं माप ज्या वाटेनं घेतलं होतं, जुनंही त्याच वाटेनं परत येणार होतं. समोर बसून, बघून, पुन्हा पुन्हा. त्याला दुसरा उपाय नव्हता आणि हा लागू पडेल याची खात्रीही नव्हती. तिच्या आधी कुणी हे करून पाहिलेलं नव्हतं.

अण्णांची दाढी सोबती करायचा. ती तिनं आपल्याकडे घेतली, कारण दाढी करताना चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय चालत नाही. एक दिवसाआड सकाळी ती अण्णांना अंगणात उन्हात बसवायची, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायची आणि ब्रशनं फेस करायची. पहिल्या दिवशी तिनं मध्येच नजर वळवली आणि अण्णांच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला.  कधी तिला मध्येच थांबून नळावर जाऊन तोंड धुवावं लागायचं. अण्णा गालावर फेस घेऊन तसेच बसून राहायचे.

हळूहळू तिला काही गोष्टी दिसू लागल्या. डोळ्यांची उघडझाप मंद असली तरी सारखी नसते. आवडीचा विषय निघाला की उजवी पापणी आधी मिटते. जांभई यायच्या आधी नाकपुडी किंचित हलते. रुसले की ते एकाच जागी बघत राहतात, आनंदात असले की नजर फिरत असते. चेहरा पूर्वीसारखा झाला नाही. तो आणखी थिजत चालला होता. आवाजही दिवसेंदिवस खोल जात होता. त्यांचं बोलणं ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा.

एके दिवशी अशीच दाढी चालली होती. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता, कुंपणावरच्या जाईला पाणी घालायचं राहून गेलं होतं आणि सुप्रभाच्या मनात दुपारच्या स्वयंपाकाचा विचार चालला होता. उजवा गाल झाला. ती वाकून ओठांवरच्या खळग्यातला अवघड भाग करू लागली. अण्णांनी बोट वर केलं. काही बोलायचं असलं की ते असं करायचे. तिनं वस्तरा बाजूला धरला आणि कान जवळ नेला.

"आज श्वास धरला नाहीस," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"दाढी करताना तुझा श्वास लागायचा नाही कधी गालाला. इतक्या जवळ येऊन पण." ते थांबले. "आज लागला."

सुप्रभा तशीच वाकलेली राहिली. आपण श्वास रोखून धरतो, हे तिला इतके दिवस कधीच कळलं नव्हतं. अण्णांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी दर दाढीच्या सकाळी ते गाल पुढे करत आले होते.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सगळा चेहरा पाहिला, एका बाजूनं फेस लागलेला आणि दुसऱ्या बाजूनं उन्हात चकाकणारा. उजवी पापणी आधी मिटली, मग डावी.

"मान जरा वर करा, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.